सहल सुरू होते घरच्या जिन्यावर

"डॉक्टर, तिथला जिना मला चढवेल का?"

मागच्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले आणि रक्तदाब मोजण्यासाठी मी पट्टा गुंडाळण्याआधीच त्यांनी हा प्रश्न विचारला. त्यांचे वय ७६ वर्षे. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तेच म्हणतो. पुण्यातल्या मुलाने जानेवारीअखेर सर्व कुटुंबाची अंदमानची सहल ठरवली होती. नातवंडांना समुद्राच्या तळाचे प्रवाळ पाहायचे होते, मुलाला आणि सुनेला आठ दिवस कामापासून सुटका हवी होती. गुरुजींना मात्र एकच गोष्ट पाहायची होती. सेल्युलर जेलच्या सात शाखांची आकृती त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली होती. सावरकरांना ज्या कोठडीत ठेवले होते, ती त्या तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, हेही त्यांनी मुलांना सांगितले होते. ती कोठडी त्यांना स्वतःच्या पायांनी चढून जाऊन पाहायची होती.

त्याच रात्री मुलाचा फोन आला. "डॉक्टरकाका, तुम्हीच बाबांना समजावा. त्यांना बीपी आहे, शुगर आहे. आईचे गुडघे दुखतात. तिकडे बेटावर काही झाले तर? त्यापेक्षा दोघांनी घरीच आराम केलेला बरा."

मुलाच्या बोलण्यात काळजी होती, त्यात खोट नव्हती. परंतु गेल्या अनेक वर्षांच्या व्यवसायात एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. वडीलधाऱ्यांच्या सहलीबाबत कुटुंबे दोनपैकी एक चूक करतात. एक तर त्यांना काळजीपोटी घरी ठेवतात, किंवा सामानासारखे बरोबर नेऊन हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवतात. तिसरा मार्ग थोडा कष्टाचा आहे. ज्येष्ठांना त्या सहलीतून नेमके काय हवे आहे ते विचारावे, आणि त्या एका गोष्टीसाठी त्यांचे शरीर आठ आठवडे आधीपासून तयार करावे. गुरुजींच्या निमित्ताने तो मार्ग आणि त्यात माझ्याकडून झालेली एक चूक, दोन्ही आज वाचकांपुढे ठेवतो.

आधी परीक्षा, मग तयारी

साठी ओलांडलेल्या कोणीही दगदगीच्या सहलीपूर्वी आपल्या डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाचे कार्य, रक्तातील क्षार आणि गरजेनुसार हृदयाचा आलेख एवढे पाहिले तरी बराचसा अंदाज येतो. चालताना छातीत दडपण येणे, पूर्वीपेक्षा लवकर धाप लागणे, अलीकडे भोवळ येऊन पडणे यांपैकी काही असेल तर आधी त्याचा तपास व्हावा, सहलीचा विचार नंतर.

यानंतर घरच्या घरी करता येण्याजोग्या दोन परीक्षा आहेत. दोन्ही करताना शेजारी एक धडधाकट माणूस उभा असावा.

पहिली परीक्षा खुर्चीची. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यावी. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ पेक्षा कमी, किंवा ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर मांड्यांची ताकद उणी आहे आणि पडण्याचा धोका अधिक आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा तोलाची. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एका रेषेत, आधार न घेता १० सेकंद उभे राहता आले पाहिजे.

गुरुजी खुर्चीवरून ८ वेळा उठले आणि तोलाच्या परीक्षेत सहाव्या सेकंदाला त्यांनी टेबल धरले. आजींना खुर्चीवरून सहाच वेळा उठता आले. मुलाची भीती अनाठायी नव्हती, हे दोघांनाही पटले. "म्हणजे नापास?" गुरुजींनी विचारले. मी म्हणालो, "सहामाहीत. वार्षिकला अजून आठ आठवडे आहेत."

आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम

पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे आणि खुर्चीवरून पाच-पाच वेळा उठणे, दिवसातून तीनदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालणे वीस मिनिटांवर आणले आणि घरचा जिना एकदा, कठडा धरून चढायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अर्धा तास चालणे, जिना दोनदा, मधल्या टप्प्यावर थांबून. शेवटच्या दोन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा नदीकाठच्या वाळूत दहा मिनिटे फेरी. हा शेवटचा भाग अनेकजण विसरतात. मऊ वाळूत चालायला सपाट रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते आणि घोट्यांना सतत तोल सावरावा लागतो. रोज बागेत चार फेऱ्या मारणारी माणसेही समुद्रकिनाऱ्यावर पाच मिनिटांत दमतात, त्याचे कारण हेच.

वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा. बोलणेही तुटत असेल तर वेग कमी करावा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर त्या क्षणी थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे.

आजींच्या गुडघ्यांसाठी जिना मी वगळला. त्यांना खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा आणि ओट्याला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम दिला. आठव्या आठवड्याच्या शेवटी गुरुजी खुर्चीवरून १२ वेळा उठले आणि आजी १० वेळा. दोघेही परीक्षेत उत्तीर्ण झाले. मी निश्चिंत झालो, आणि तिथेच माझी चूक झाली.

बेटाचे स्वतःचे घड्याळ

त्या चुकीकडे वळण्यापूर्वी अंदमानच्या हवामानाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

अंदमानात घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे औषधांच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत. सूर्य मात्र वेगळ्या वेळेला चालतो. ती बेटे महाराष्ट्राच्या कितीतरी पूर्वेला असल्याने तेथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. जानेवारीअखेर पावणेसहाच्या सुमारास उजाडते आणि साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे सकाळी दहाचे ऊन कोवळे वाटते, तेथे त्याच वेळी ते चटके देऊ लागते. म्हणून ज्येष्ठांचे फिरणे सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी साडेतीननंतर ठेवावे. संध्याकाळी मात्र लवकर अंधारते. किनाऱ्यावरून परतताना हातात बॅटरी असावी. रात्री अनोळखी खोलीत उठून स्वच्छतागृहाकडे जाताना पडण्याचे प्रसंग सहलीत फार घडतात, म्हणून तेथला एक दिवा चालू ठेवावा.

उष्ण आणि दमट हवेत घाम येतो, पण तो वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. वय वाढले की तहानेची जाणीवही मंदावते. त्यातच अनेक ज्येष्ठ प्रवासात "वाटेत कुठे जायचे?" या संकोचाने मुद्दाम पाणी पीत नाहीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि पाणी कमी पडले, तर उभे राहताच भोवळ येते आणि माणूस पडतो. ही गोळी आपल्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ किंवा मात्रा बदलावी का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शहाळ्याविषयीही एक सूचना. बेटावर गेले की सर्वजण दिवसाला चार-चार शहाळी पितात. निरोगी माणसाला त्याने अपाय नाही. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत, किंवा ज्यांना रक्तदाबाची अथवा हृदयाची पोटॅशियम वाढवणारी औषधे चालू आहेत, त्यांच्या रक्तात ते साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

माझी चूक

गुरुजींना तीन वर्षांपासून प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याचा त्रास होता. लघवीला वेळ लागे, रात्री तीनदा उठावे लागे. त्यावर औषध चालू नव्हते, कारण "वयोमानाप्रमाणे चालायचेच" असे म्हणून ते तपासणी टाळत आले होते. मी ते कागदावर लिहून घेतले होते. त्यांच्या साऱ्या गोळ्या मी तपासल्या, पण प्रवासात नव्या कोणत्या घेणार आहात, हे विचारायचे राहून गेले.

विमानतळावर उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते सर्वजण बोटीने स्वराज द्वीपाला निघाले. हेच पूर्वीचे हॅवलॉक. बोट लागू नये म्हणून मुलाने औषधांच्या दुकानातून गोळ्या घेतल्या आणि लहान-मोठ्या सर्वांना एकेक दिली. वडिलांना मळमळ जास्त वाटली म्हणून थोड्या वेळाने आणखी एक दिली. त्या रात्री साडेआठला त्याचा फोन आला. "बाबांना दुपारपासून लघवी झालेली नाही. पोट दगडासारखे झाले आहे. ते तळमळताहेत."

मी विचारले, "नवे काही औषध दिले होते का?"

"औषध असे काही नाही. फक्त बोट लागू नये म्हणून गोळी."

प्रवासात मळमळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या जुन्या पिढीतील ॲलर्जीविरोधी औषधांच्या कुळातील असतात. प्रोमेथाझिन हे त्यातलेच एक. त्यांनी तोंड कोरडे पडते, झोप येते, आणि मूत्राशयाचे आकुंचन मंदावते. तरुण माणसाला हे जाणवतही नाही. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी मात्र त्यामुळे पूर्णपणे अडू शकते. वृद्धांमध्ये त्यांनी गोंधळलेपणा येतो, तोल जातो, आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतील दाब वाढतो. लघवी अडणे ही तातडीची अवस्था आहे. सकाळपर्यंत वाट पाहणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

बेटावरील आरोग्य केंद्रात त्यांना लगेच नेण्यात आले. तेथील डॉक्टरांनी नळी घालून मूत्राशय रिकामे केले. गुरुजींना दहा मिनिटांत आराम पडला. नळी मात्र तशीच ठेवावी लागली आणि प्रोस्टेटचे औषध सुरू झाले. मी रात्रभर स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो. आठ आठवडे त्यांच्या पायांचा अभ्यास घेणाऱ्या मला एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागला असता. तो मी का विचारला नाही?

तेव्हापासून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला मी सांगतो. नेहमीची औषधे दाखवाच, पण प्रवासासाठी घेतलेल्या सर्दीच्या, उलटीच्या, झोपेच्या, अंगदुखीच्या गोळ्याही पिशवीसकट आणून दाखवा. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी प्रत्येकाला निर्धोक असतेच असे नाही. बोटीचा त्रास टाळण्यासाठी आधी साधे उपाय करावेत. हलके खाऊन निघावे, बोटीच्या मध्यभागी खालच्या बाजूस बसावे, मोबाईल आणि पुस्तक बाजूला ठेवून दूर क्षितिजाकडे पाहावे, आल्याचा तुकडा चघळावा. इतके करूनही गोळी लागणारच असेल, तर कोणती आणि किती हे आपल्या डॉक्टरांनी ठरवावे.

एका दिवसात एकच मोठे काम

दुसरी चूक सहलीच्या आखणीत होती आणि ती आम्हा सर्वांचीच. वेळापत्रक मी पाहायला मागितले नव्हते. विमान बदलत केलेला दीर्घ प्रवास आणि लगेच दुसऱ्या दिवशी बोट, हे ज्येष्ठांना झेपत नाही. पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. त्यानंतरही एका दिवसात एकच मोठे काम ठेवावे, म्हणजे एक तर बोट, एक तर किनारा, नाहीतर एखादी वास्तू. परतीचे विमान असलेल्या दिवशी बोटीचा प्रवास ठेवू नये. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात.

सर्वांनी सर्व ठिकाणी एकत्रच गेले पाहिजे, हा आग्रहही सोडावा. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांची सहल पहाटे सुरू होते. वाटेत जारवांच्या राखीव जंगलातून वाहनांचा ताफा न थांबता जातो. ज्यांना तासातासाला लघवीला जावे लागते, त्यांनी त्या दिवशी विश्रांती घ्यावी, तरुणांनी जावे. पाण्याखाली जाण्याचा डायव्हिंगचा बेत असलेल्यांनी आपले हृदय आणि फुप्फुसे तपासून घ्यावीत, आणि शेवटचे डायव्हिंग व विमानप्रवास यांत किमान एक पूर्ण दिवसाचे अंतर ठेवावे. प्रवाळ पाहण्याची हौस ज्येष्ठांनाही असते. त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट उत्तम.

मधुमेहींनी किनाऱ्यावर अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर तापलेल्या वाळूने फोड आलेले किंवा प्रवाळाने कापलेले कळतही नाही. टाच धरून ठेवणारी पादत्राणे घालावीत आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. नेहमीपेक्षा जास्त चालण्याने साखर अचानक उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोज असावे. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीतच ठेवावे, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. उन्हातही ठेवू नये, आणि बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नये.

दोन दृश्ये

नळी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी राधानगर किनाऱ्यावर झाडांच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर पंचा, त्याखाली नळीची पिशवी. आजी त्यांच्याजवळून हलायला तयार नव्हत्या. शेवटी गुरुजींनी वर्गातल्या आवाजात फर्मावले, "तुमचे गुडघे माझ्यामुळे का बसून राहावेत? जा पाण्यात." नातीचा आणि सुनेचा हात धरून आजी शांत पाण्यात कमरेपर्यंत उभ्या राहिल्या. पाणी अंगाचे वजन पेलते, त्यामुळे गुडघ्यांवरचा भार हलका होतो. "दहा वर्षांत पहिल्यांदा गुडघे आहेत हे विसरले," असे त्यांनी मला नंतर सांगितले. पाण्यात उतरताना धोक्याच्या सूचनांचे फलक वाचावेत, लाटेकडे पाठ करू नये आणि एकट्याने उतरू नये, एवढे पथ्य पाळले की हा व्यायाम आणि आनंद दोन्ही साधतो.

मुलगा आईवडिलांना घेऊन एक दिवस आधीच शहरात परतला. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. तिच्या सातपैकी तीनच शाखा आज उभ्या आहेत, आणि त्या आवारात १९६३ पासून गोविंद बल्लभ पंत रुग्णालय आहे. कोठे निघण्यापूर्वी तेथील मोठे रुग्णालय कोठे आहे आणि तेथवर पोहोचायला किती वेळ लागेल, हे माहीत करून घ्यावे, असे मी नेहमी सांगतो. गुरुजींना ते आधीच पाठ होते, पण इतिहासाच्या कारणाने. शहरात नळी काढण्यात आली, लघवी सुरळीत झाली. प्रोस्टेटच्या औषधाने सुरुवातीला उभे राहताना भोवळ येऊ शकते, म्हणून मी दोन दिवस थांबायला सांगितले.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी गुरुजींनी तो जिना चढला. कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबून, नातवाला पुढे घालून. वर कोठडीत ते किती वेळ उभे होते, हे मुलाने मोजले नाही. खाली उतरल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, दमलात?" ते म्हणाले, "घरचा जिना याच्यापेक्षा अवघड आहे."

निघण्यापूर्वी

- सहलीत तुम्हाला काय पाहायचे आहे, हे घरातील ज्येष्ठांना आधी विचारा आणि त्याभोवती बेत आखा.
- आठ आठवडे आधी तपासणी करून घ्या, त्याच दिवशी चालायला सुरुवात करा.
- फ्लूची लस घ्यायची असेल तर किमान दोन आठवडे आधी घ्या.
- सर्व औषधे दुप्पट दिवसांची घ्या. एक संच हातातल्या पिशवीत, दुसरा दुसऱ्या माणसाजवळ.
- आजार, औषधे, मात्रा आणि डॉक्टरांचा फोन एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा.
- विमानतळावर चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगा. त्यात कमीपणा नाही, तेथली शक्ती पुढे वापरायची असते.
- नव्या गोळ्यांसह पूर्ण औषधांची पिशवी डॉक्टरांना दाखवा. ते विचारायला विसरले, तर तुम्ही आठवण करा.

गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा दवाखान्यात आले. आता प्रोस्टेटचे औषध नियमित चालू आहे. रक्तदाब मोजायला मी पट्टा हाती घेतला, तोच ते म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या वर्षी रायगड. दोरवाटेने जायचे आहे, चढून नव्हे. पण वर गेल्यावर चालायला तर लागेलच ना?"

मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि घड्याळ हातात घेतले.